तपकिरी शैवाल गरम पाण्यात हिरवं का पडतं? (समुद्रशैवालांचे प्रकाश-सापळे)

खारेवारे (धागाकर्ता)

तपकिरी समुद्रशैवालाचा तुकडा उकळत्या पाण्यात बुडवला की काही सेकंदांत तो लख्ख हिरवा होतो. लाल शैवाल ॲसिटोनमध्ये खलून ठेवलं तर वरचा द्रव हिरवा होतो, पण खाली बसलेला चोथा गुलाबीच राहतो. कितीही वेळा ॲसिटोन बदला, गुलाबी रंग उतरत नाही. या दोन गोष्टी नीट कळल्या तर समुद्रातल्या प्रकाशसंश्लेषणाचा अर्धा भाग कळला, म्हणून धाग्याची सुरुवात इथूनच.

तपकिरी शैवालात क्लोरोफिल ए आणि सी असतात, आणि फ्युकोझॅन्थिन नावाचं कॅरोटिनॉइड असतं. ॲसिटोनमध्ये विरघळलेलं सुटं फ्युकोझॅन्थिन पिवळं-नारिंगी दिसतं. त्याचं शोषण ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतं. तेच रेणू प्रथिनाच्या खोबणीत बसले की शोषण ताणलं जाऊन ५५० नॅमीपर्यंत पोचतं, म्हणजे हिरवा प्रकाशही गिळला जातो आणि शैवाल तपकिरी दिसतं. गरम पाण्यात प्रथिनाची घडी उलगडते. रंगद्रव्य जागच्या जागी असतं, कुठेही गेलेलं नसतं, पण त्याचा हिरव्या भागातला पसारा आवरला जातो. हिरवा प्रकाश पुन्हा परत येऊ लागतो. तपकिरी रंग असा एकट्या रेणूचा नसतो, तो रेणू आणि प्रथिन या जोडीचा असतो.

लाल शैवालात मामला वेगळा. फायकोएरिथ्रिन या त्यांच्या लाल प्रथिनातली बिलिन रंगद्रव्यं प्रथिनाच्या सिस्टीन अवशेषांना गंधकाच्या सहसंयोजी बंधाने जखडलेली असतात. ॲसिटोन प्रथिनाला तिथेच गोठवून टाकतं, त्यामुळे रंग चोथ्यातच अडकतो. क्लोरोफिल कुठल्याही सहसंयोजी बंधाने बांधलेलं नसतं, ते सुटून वर येतं.

ऊर्जा पुढे कशी जाते, मोजताना कुठे फसायला होतं, आणि खोलीचा व रंगाचा संबंध खरा किती, यावर जाणकारांनी लिहावं.

---

तरंगलांबी

आधी पाण्याचा हिशोब. शुद्ध पाणी ६६० नॅमीचा लाल प्रकाश दर मीटरला सुमारे ०.४१ या गुणांकाने शोषतं. दहा मीटर खाली त्यातला दोन टक्क्यांहूनही कमी उरतो. ५५० नॅमीचा हिरवा प्रकाश त्याच खोलीवर निम्म्याहून जास्त शिल्लक असतो, आणि ४४० चा निळा ९० टक्क्यांच्या वर. हे झालं शुद्ध पाणी. किनाऱ्याजवळ कुजलेल्या वनस्पतींचं पिवळसर विद्राव्य द्रव्य आणि तरंगते प्लवक निळा प्रकाश खाऊन टाकतात, म्हणून तिथे खोलवर हिरवा प्रकाश उरतो. खुल्या समुद्रात निळा.

आता क्लोरोफिल एचं दुखणं बघा: ते ४३०-४४० आणि ६६०-६८० नॅमीला भरपूर शोषतं, मधल्या पट्ट्यात जवळजवळ रिकामं. लाल प्रकाश पाण्याने आधीच खाल्लेला. म्हणजे ज्या ४७० ते ५७० च्या पट्ट्यात समुद्राची खरी शिदोरी आहे तिथे क्लोरोफिलचं तोंडच नाही. ती खिंड वेगवेगळ्या कुळांनी वेगवेगळ्या साधनांनी भरली: लाल शैवालांनी फायकोएरिथ्रिनने, डायटम (काचेसारख्या कवचाची एकपेशी शैवालं) आणि तपकिरी शैवालांनी फ्युकोझॅन्थिनने, डायनोफ्लॅजेलेटनी (तंतूंनी पोहणारे एकपेशी जीव) पेरिडिनिनने, कोडियमसारख्या काही हिरव्या शैवालांनी सायफोनाझॅन्थिनने. प्रत्येकाचं प्रथिन वेगळं, पण शेवटी ऊर्जा पोचते ती क्लोरोफिल एलाच.

---

साखळीप्रक्रिया

फायकोबिलिसोमची (लाल शैवालातलं, फायकोएरिथ्रिनसारख्या प्रथिनांचं प्रकाश गोळा करणारं संकुल) उतरंड आकड्यांत मांडतो, कारण समजायला हीच सगळ्यांत सोपी.

फायकोएरिथ्रिन (आर प्रकारचं) ४९५, ५४५ आणि ५६५ नॅमीला शोषतं. ४९५ चं शिखर फायकोयुरोबिलिनचं, बाकीची दोन फायकोएरिथ्रोबिलिनची. ते उत्सर्जन करतं ५७५-५७८ ला. पुढे फायकोसायनिन, शोषण साधारण ६२० ला, उत्सर्जन ६४० च्या पुढे. मग गाभ्यातलं ॲलोफायकोसायनिन, शोषण ६५० आणि उत्सर्जन ६६०. शेवटी गाभ्यातली मोजकी टोकाची रंगद्रव्यं, ६८० च्या जवळ, जी थेट थायलॅकॉइडमधल्या (प्रकाशसंश्लेषण चालतं त्या पडद्याच्या पिशव्या) क्लोरोफिलला ऊर्जा देतात. प्रत्येक पायरीचं उत्सर्जन पुढच्या पायरीच्या शोषणावर पडतं. या सगळ्यात प्रकाश बाहेर पडून पुन्हा आत येत नाही बरं का. ऊर्जा द्विध्रुवांच्या परस्परक्रियेने उडी मारते आणि तिचा वेग अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झालं की वेग चौसष्टावा हिस्सा. म्हणूनच प्रथिनाचं काम रंगद्रव्याला नुसतं धरून ठेवण्याचं नाही, नेमक्या अंतरावर आणि नेमक्या कोनात धरण्याचं आहे.

आकार? ग्रिफिथ्सिया पॅसिफिका या लाल शैवालाच्या फायकोबिलिसोमची रचना २०१७ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने उलगडली: १६.८ मेगाडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक), ८६२ प्रथिन उपघटक, २०४८ रंगद्रव्यं. पॉर्फिरिडियम पुर्पुरियमचं २०२० मध्ये आलं, ते १४.७ मेगाडाल्टनचं आणि १५९८ बिलिनांचं. आणि इतक्या गर्दीतून ऊर्जा ९५ टक्क्यांवर कार्यक्षमतेने पार होते.

---

बुडबुडा

एक बाळबोध शंका. ही ऊर्जा उलटी का जात नाही? उतरंड असली तरी चढताही येईलच की.

---

साखळीप्रक्रिया

@बुडबुडा, बाळबोध अजिबात नाही. येते चढता, पण किंमत मोजून. ५७५ आणि ६६० नॅमीमधला ऊर्जाफरक सुमारे २२४० प्रति सेंटीमीटर (वर्णपटाच्या कामात ऊर्जा मोजायचं एकक). खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा साधारण २०७. म्हणजे फरक जवळपास अकरा पट, आणि मागे फिरण्याची शक्यता काही दशसहस्रांत एक. पण ६६० ते ६८० ही शेवटची पायरी पाहा: फरक ४५० च्या आत, म्हणजे जेमतेम दुप्पट. तिथे दर नऊ-दहा उड्यांमागे एक उलटी पडू शकते. थोडक्यात वरच्या पायऱ्या एकेरी रस्ता आहेत, तळाची जवळजवळ दुहेरी. तळाला जे साठतं ते अभिक्रिया केंद्राने (प्रकाशाची ऊर्जा रासायनिक कामाला लावणारं केंद्र) वेळेत उचललं नाही तर फ्लुओरेसन्स म्हणजे प्रकाश म्हणून पुन्हा बाहेर पडतं.

---

गाळणी

फायकोबिलिसोम अखंड वेगळं करायचं असेल तर एका सवयीवर पाणी सोडावं लागतं: बर्फाची. प्रथिनाचं काम म्हटलं की हात आपोआप बर्फाच्या डब्याकडे जातो आणि इथे तोच घात करतो. फायकोबिलिसोमच्या दांड्या आणि गाभा जलविरोधी आकर्षणाने एकत्र राहतात, आणि हे आकर्षण थंडीत कमकुवत होतं. क्षार कमी झाले तरी तेच. म्हणून सगळं काम २० ते २५ अंशांवर आणि जाड फॉस्फेटमध्ये.

नेहमीची रीत: पेशी ०.७५ मोलर पोटॅशियम फॉस्फेट, सामू ७.० मध्ये धुवायच्या. त्याच बफरमध्ये फ्रेंच प्रेसने फोडायच्या. ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट) अंतिम २ टक्के होईल इतकं घालून अर्धा तास हलकं ढवळायचं. मग २०,००० जी वर २०-३० मिनिटं फिरवायचं. क्लोरोफिलने भरलेला हिरवा थर वर तरंगतो, तो बाजूला सारून मधला लालजांभळा द्रव घ्यायचा. तो ०.२५, ०.५, ०.७५ आणि १.० मोलर साखरेच्या पायऱ्यांवर (त्याच बफरमध्ये केलेल्या) अलगद सोडून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये कित्येक तास, १८-२० अंशांवर.

सोडियम फॉस्फेट वापरायचा मोह टाळा. इतक्या संहतीला डायसोडियम फॉस्फेट जरा गारवा मिळाला की स्फटिक होऊन बसतं आणि साखरेच्या पायऱ्या विस्कटतात.

अखंड आहे की नाही याची खूण यंत्राशिवायही मिळते. अंधाऱ्या खोलीत नळीवर हिरवा प्रकाश टाका आणि नारिंगी फिल्टरमधून पाहा. अखंड फायकोबिलिसोम मंद, काळपट लाल दिसतं, कारण त्याचं उत्सर्जन ६७०-६८० ला, डोळ्याला जेमतेम जाणवणारं. त्यातले दोन थेंब साध्या पाण्याने दहापट पातळ करून थोडा वेळ ठेवा: नळी नारिंगी-पिवळ्या रंगाने उजळू लागते. फायकोएरिथ्रिन सुटं झालं, ऊर्जा पुढे द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून ते ५७५ ला स्वतःच चमकतंय. म्हणजे जास्त चमकणारी नळी बिघडलेली, आणि नवखे नेमकी तीच जपून ठेवतात.

यंत्रावर: ५४५ ला उद्दीपन, उत्सर्जन ५६० ते ७५० पर्यंत. शिखर ६७५-६८० ला हवं, ५७५ ला नुसता टेकाडासारखा उंचवटा चालतो. आणि पेशी आधी गोठवू नका. गोठवण-वितळण सुट्या फायकोएरिथ्रिनच्या अर्कासाठी उत्तम, अखंड संकुलासाठी नाही.

---

डायटमप्रेमी

लाल शैवालांचं कौतुक झालं, आता पडद्यातल्या संकुलांकडे या. फायकोबिलिसोम पडद्यावर बाहेरून बसतं. फ्युकोझॅन्थिन-क्लोरोफिल प्रथिनं पडद्यात रुतलेली असतात.

फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्न्युटम या डायटमच्या अशा प्रथिनाची रचना २०१९ मध्ये आली. एका घटकात ७ क्लोरोफिल ए, २ क्लोरोफिल सी, ७ फ्युकोझॅन्थिन आणि १ डायडिनोझॅन्थिन. आता जमिनीवरच्या वनस्पतींचं नात्यातलं प्रथिन शेजारी ठेवा: ८ क्लोरोफिल ए, ६ क्लोरोफिल बी आणि फक्त ४ कॅरोटिनॉइड. घराणं एकच, पण डायटमने क्लोरोफिल कमी करून कॅरोटिनॉइडची भरती केलेली. वनस्पतींत कॅरोटिनॉइड प्रामुख्याने पहारेकरी असतं, इथे ते कमावतं.

कमावण्याचं रहस्य कार्बोनिल गटात आहे. साध्या कॅरोटिनॉइडची उत्तेजित अवस्था फारच अल्पजीवी असते. फ्युकोझॅन्थिन आणि पेरिडिनिन या दोघांत दुहेरी बंधांच्या साखळीला जोडलेला कार्बोनिल गट असतो, त्यामुळे उत्तेजित रेणूत विद्युतभार एका बाजूला सरकतो आणि ती अवस्था आसपासच्या ध्रुवीयतेला संवेदनशील बनते. शेजारी क्लोरोफिल ए असेल तर काही पिकोसेकंदांत ऊर्जा हस्तांतरित होते.

डायनोफ्लॅजेलेटचं पेरिडिनिन-क्लोरोफिल प्रथिन तर वेगळंच प्रकरण. अँफिडिनियम कार्टरीमधली रचना १९९६ पासून माहीत आहे: एका घटकात ८ पेरिडिनिन आणि २ क्लोरोफिल ए, तीन घटकांचं त्रिकूट. हे पाण्यात विरघळतं आणि थायलॅकॉइडच्या पोकळीत असतं. क्लोरोफिलच्या चौपट कॅरोटिनॉइड! डायनोफ्लॅजेलेटकडे पडद्यातली संकुलं वेगळी असतातच, त्यामुळे सुटं प्रथिन काढताना डिटर्जंट घालूच नका. पेशी गोठवून-वितळवून बफरमध्ये धुतल्या की ते आपणहून बाहेर येतं. डिटर्जंट घातलं की दोन्ही एकत्र कालवली जातात.

पडद्यातल्या संकुलांसाठी मात्र डिटर्जंट लागतंच: डोडेसिल माल्टोसाइड, क्लोरोफिलच्या वजनाच्या १५ ते २० पट, बर्फावर (हो, इथे बर्फ चालतो), अंधारात. प्रमाण वाढलं तर रंगद्रव्यं सुटतात. ओळखायचं कसं? ४६५ ला उद्दीपन द्या, म्हणजे क्लोरोफिल सी पेटेल. उत्सर्जनात ६४० च्या आसपास शिखर दिसलं की समजायचं, क्लोरोफिल सी एकाकी पडलंय. निरोगी नमुन्यात फक्त ६८० च्या जवळचं शिखर असतं. दुसरी तपासणी उलट दिशेने: उत्सर्जन ६८० ला धरून उद्दीपन ४०० ते ६०० पर्यंत फिरवा. ५०० ते ५५० चा खांदा शोषणाच्या आलेखात आहे पण उद्दीपनाच्या आलेखात नाही, तर फ्युकोझॅन्थिन आहे, पण निरुद्योगी. अर्क तपकिरी दिसतोय एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

---

पोवळंवेल

> आधी पाण्याचा हिशोब…

@तरंगलांबी, आकडे मान्य. पण यातून पुढे जे नेहमी निघतं, की उथळात हिरवी, मध्ये तपकिरी, खोलात लाल, त्याला हरकत घेतो. ही कल्पना जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एंगेलमन यांनी १८८३ मध्ये मांडली आणि ती अजूनही आकृतीसकट छापली जाते.

एक तर हिरवी शैवालं खोल पाण्यातही सापडतात आणि लाल शैवालं ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरही. दुसरं म्हणजे शैवालाची जाडी. उल्वा या हिरव्या शैवालाची पात दोन पेशींची, तिच्यातून हिरवा प्रकाश आरपार जातो. कोडियम जाड, स्पंजासारखं. आत प्रकाश इतका विखुरतो की प्रत्येक फोटॉनला रंगद्रव्य गाठण्याच्या दहा संधी मिळतात. जवळजवळ सगळा दृश्य प्रकाश त्यात जिरतो आणि ते काळपट दिसतं. इतकी जाडी असली की कोणतं रंगद्रव्य आहे याला फार महत्त्व उरत नाही.

सर्वांत खोलवरचं ज्ञात शैवाल लाल आहे हे खरं: बहामाजमध्ये सॅन साल्वादोरजवळ २६८ मीटरवरचं चुनखडीचं कवच करणारं शैवाल, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेलं. तिथे पृष्ठभागाच्या ०.०००५ टक्के प्रकाश पोचतो. पण इतक्या कमी प्रकाशात जगायला श्वसनाचा खर्च कमी आणि वाढ अतिसंथ असणंही तितकंच गरजेचं. नुसत्या फायकोएरिथ्रिनच्या जोरावर हे होत नाही.

---

तरंगलांबी

@पोवळंवेल, सहमत. एंगेलमन यांचं अर्ध खरं ठरलं: कुठला रंग प्रकाशसंश्लेषण चालवतो, ते रंगद्रव्य ठरवतं. हॅक्सो आणि ब्लिंक्स यांनी १९५० मध्ये समुद्रशैवालांचे क्रियावर्णपट (कुठल्या रंगाने किती प्रकाशसंश्लेषण होतं याचे आलेख) मोजले तेव्हा लाल शैवालांत फायकोएरिथ्रिनने शोषलेला हिरवा प्रकाश क्लोरोफिलने शोषलेल्या लाल आणि निळ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन देत होता. तेव्हा हे कोडं वाटलं. कारण पुढे कळलं: प्रकाशसंश्लेषणाची दोन यंत्रं, म्हणजे फोटोसिस्टिम, असतात आणि ऑक्सिजन दुसरी सोडते; लाल शैवालांत बहुतेक क्लोरोफिल पहिल्या फोटोसिस्टिमकडे असतं आणि फायकोबिलिसोम मुख्यतः दुसरीला पोसतं. एकट्या क्लोरोफिलला प्रकाश दिला की पहिली फोटोसिस्टिम धावते आणि दुसरी उपाशी राहते. खोलीनुसार वाटणीचं त्यांचं दुसरं अर्ध मात्र जाडी आणि आकाराने मोडीत काढलं.

---

मापक

वरच्या मुद्द्यातूनच एक नेहमीची चूक निघते. पल्स-मॉड्युलेटेड फ्लुओरोमीटर (लुकलुकत्या प्रकाशाने क्लोरोफिलचा फ्लुओरेसन्स मोजणारं यंत्र) निळ्या मोजणी-प्रकाशाचा असेल तर डायटम आणि तपकिरी शैवालांवर झकास चालतो, लाल शैवालांवर संकेत अगदी मरगळलेला येतो. निळा प्रकाश क्लोरोफिलकडे, म्हणजे पहिल्या फोटोसिस्टिमकडे जातो, आणि तिचा फ्लुओरेसन्स बदलत नाही. मग लोक गेन वाढवत बसतात आणि नुसती कुरबुर वाढते. लाल शैवालांना नारिंगी किंवा लाल मोजणी-प्रकाश लावा.

तरीही एफव्ही/एफएम (दुसऱ्या फोटोसिस्टिमची कमाल कार्यक्षमता दाखवणारं गुणोत्तर) डायटमच्या ०.६५ इतकं येणार नाही. फायकोबिलिसोमचा स्वतःचा फ्लुओरेसन्स डिटेक्टरच्या खिडकीत शिरून एफ-शून्य (अंधारानंतरचा किमान फ्लुओरेसन्स) फुगवतो, त्यामुळे गुणोत्तर खाली येतं. शिवाय लांब अंधारात लाल शैवालं दुसऱ्या स्थितीत सरकतात, म्हणजे ऊर्जेची वाटणी पहिल्या फोटोसिस्टिमकडे झुकते. मोजणीआधी काही मिनिटं मंद अतिलाल (७०० नॅमीच्या पुढचा) प्रकाश दिला तर हे सावरतं. ०.५ आलं म्हणून शैवाल आजारी ठरवू नका.

७७ केल्विनच्या (द्रव नायट्रोजनमधल्या) फ्लुओरेसन्सच्या मोजणीत नमुना पातळ हवा, क्लोरोफिल मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या खाली. जाड नमुना स्वतःचाच ६८५ चा (दुसऱ्या फोटोसिस्टिमचा) प्रकाश पुन्हा शोषतो आणि पहिली फोटोसिस्टिम उगाच मोठी दिसते.

---

गाळणी

अर्काची सूत्रं कुणीतरी विचारणारच, म्हणून देऊन ठेवतो.

डायटम आणि तपकिरी शैवाल, ९० टक्के ॲसिटोन, १ सेंटीमीटरची क्युव्हेट, आधी ७५० ची गढूळता प्रत्येक वाचनातून वजा. जेफ्री-हम्फ्री, १९७५ (शो६६४ म्हणजे ६६४ नॅमीचं शोषण, बाकीचंही तसंच):
क्लोरोफिल ए = ११.४७ × शो६६४ − ०.४० × शो६३०
क्लोरोफिल सी (१+२) = २४.३६ × शो६३० − ३.७३ × शो६६४
उत्तर अर्काच्या मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये.

हिरव्या शैवालांसाठी वेगळी जोडी आहे (६६४ आणि ६४७), ती इथे चालत नाही. चुकीची जोडी वापरली तर क्लोरोफिल बी नसलेल्या शैवालातही ते "सापडतं".

फायकोएरिथ्रिनसाठी ०.१ मोलर फॉस्फेट बफर, सामू ६.८, थंडीत आणि अंधारात. बीअर-एशेल, १९८५:
फायकोएरिथ्रिन = [(शो५६४ − शो५९२) − (शो४५५ − शो५९२) × ०.२०] × ०.१२
उत्तर मिलिलिटरला मिलिग्रॅममध्ये. ५९२ वजा करण्यामागे लाल शैवालाच्या अर्कातलं बुळबुळीत कर्बोदक आहे. ते गढूळता आणतं, सेंट्रिफ्यूजनेही पूर्ण बसत नाही आणि शोषण फुगवतं. द्रव दुधी दिसत असेल तर सूत्रावर भिस्त न ठेवता पुन्हा फिरवा.

आणि डेस्मारेस्टिया हे तपकिरी शैवाल इतरांसोबत एका पिशवीत ठेवू नका. त्याच्या पेशींतल्या पोकळ्यांत सल्फ्युरिक आम्ल असतं. एक फांदी चिरडली की शेजाऱ्यांच्या क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं, फिओफायटिन बनतं आणि ६६४ चं वाचन पडतं. ॲसिटोनमध्ये चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट टाकलं तर थोडंफार आम्ल मारता येतं.

---

बुडबुडा

लाल शैवाल टाकीत हळूहळू पिवळट-हिरवं होतं, पण वाढ थांबलेली नसते. उजेड जास्त होतोय का?

---

डायटमप्रेमी

@बुडबुडा, उजेडाआधी नायट्रेट तपासा. फायकोएरिथ्रिन हा प्रकाश पकडणारा अँटेनाही आहे आणि नायट्रोजनचं कोठारही. नायट्रोजन आटला की पेशी आधी तेच मोडून खातात, क्लोरोफिल नंतर. नायट्रेट दिल्यावर काही दिवसांत लाली परतली तर नायट्रोजनच. नाही परतली तर उजेड अर्धा करून बघा. दोन्ही बदल एकाच दिवशी करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.